सगळ्यात शेवटचं नाव

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. ठिकाण : धाकट्या भावाचं पडेगावचं घर, पुढची खोली. हजर : आमचे वडील अण्णा (उत्सवमूर्ती), आई, धाकटा भाऊ, मी आणि व्हिडिओवाले. गैरहजर : कन्नडचे काका. विषय : अण्णांच्या पंचाहत्तरीला दाखवायच्या फिल्मची सुरुवातीची नावं.

घरातल्या कुठल्याही बैठकीची मी अशी नोंद करते. घरचे हसतात, पण मागच्या कार्यात ताटं कुठून आणली होती हे विचारायला माझ्याकडेच येतात. त्या दिवशी 'गैरहजर'च्या पुढे मी सवयीनं 'कारण' असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि अण्णांच्या समोर ते कुणी बोलणार नव्हतं.

इथे आधी तेच सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी याच घराची वास्तुशांत झाली. पत्रिकेचा मसुदा अण्णांनी केला. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यामुळे दुसऱ्या कुणी मसुदा केला तर तो त्यांना मसुदा वाटत नाही. त्यांनी नावं लावली ती अशी : आधी व्याही, मग सोयरे, मग भावकी आणि शेवटी सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका. अण्णांचा हिशोब साधा होता. परक्याला पुढे बसवायचं, घरच्यानं मागे उभं राहून वाढायचं. काकांच्या हातात पत्रिका पडली तेव्हा त्यांना हिशोब दिसला नाही, जागा दिसली. त्यांच्या नावाखाली फक्त छापखान्याचं नाव होतं. त्यांनी फोन केला, "छापखान्याच्या वर टाकलं, उपकार झाले," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. त्यानंतर काका पडेगावला आले नाहीत आणि अण्णा काकांच्या गावी, कन्नडला, गेले नाहीत. थोरल्यानं आधी जायचं नसतं आणि धाकट्यानं बोलावल्याशिवाय यायचं नसतं, असे दोन्ही नियम आमच्या घरात एकाच वेळी लागू आहेत.

अण्णांनी या तीन वर्षांत काकांचं नाव काढलं नाही. फक्त रोज सकाळी मोबाइलवर कन्नडचं हवामान बघायला सुरुवात केली. आपल्या पडेगावचं बघायला सांगितलं तर म्हणतात, "ते खिडकीतून दिसतं."

पंचाहत्तरीचा कार्यक्रम त्यांना नको होता. बरीच मनधरणी झाल्यावर तयार झाले आणि एकच अट घातली. "पुढच्या रांगेत माझ्या शेजारची एक खुर्ची मोकळी ठेवा. मला पाय पसरायला लागतो." अण्णांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत.  मी कामांच्या यादीत खुर्ची लिहून घेतली.

तर बैठक. व्हिडिओवाले आमच्या वयाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, कॅसेटच्या काळापासून लग्नं काढणारे. त्यांनी लॅपटॉप उघडून नमुना लावला. काळा पडदा. मग आग. आगीतून ठिणग्या, ठिणग्यांतून तलवार उपसल्यासारखा आवाज आणि लोखंडी अक्षरांत अण्णांचं नाव. त्यामागे काळा चष्मा लावलेले अण्णा जीपमधून उतरून कॅमेऱ्याकडे चालत येतात, संथ गतीनं. अण्णा मुळातच इतके सावकाश चालतात, की ते संथ केल्यावर जागच्या जागी थांबलेच.

आई पुढे वाकून बघत होती. "हे कुणाला मारायला निघालेत?"

"आजी, आजकल यही चलता है," व्हिडिओवाले म्हणाले. "परवा एका रिटायर मास्तरांचं असंच केलं. पब्लिक उभी राहिली."

"दुधाला पाठवलं तर पिशवी विसरून येतात," आई म्हणाली. "आणि जीप कुणाची?"

"माझी," व्हिडिओवाले म्हणाले.

"चष्मा?"

"चष्मा पण माझाच, आजी."

अण्णा मात्र दोनदा बघून म्हणाले, "अक्षर सुबक आहे." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना लोकांनी घाबरावं असं दाखवलं होतं. त्यांना ते फारसं नकोसं वाटलं नसावं.

मला ते का चालणार नाही हे मी लगेच सांगू शकले. त्यात माझी हुशारी काही नाही, शिकवण काकांची आहे.

मी तिसरी-चौथीत असताना काका कॉलेजला म्हणून आमच्याकडे राहायला आले. औरंगपुऱ्याजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. कॉलेजला ते किती गेले याची नोंद कुणाकडेच नाही, पण शहरातल्या प्रत्येक थिएटरचा दारवाला त्यांना ओळखत होता. आम्हा दोघा भावंडांना ते बरोबर न्यायचे आणि त्यांची एकच शिस्त होती : नावं चुकवायची नाहीत. नावं चालू असताना बोलायचं नाही, शेंगा फोडायच्या नाहीत, लघवीला तर नाहीच नाही. एकदा भावाची चप्पल हरवल्यानं आम्हाला उशीर झाला आणि आत गेलो तर नावं संपलेली. काकांनी अख्खा पिक्चर तोंड पाडून बघितला. खेळ सुटल्यावर दारवाल्याच्या हातापाया पडून आम्हाला परत आत नेलं, पुढच्या खेळाची नावं दाखवली आणि मगच घरी आणलं. तो पिक्चर मला अजूनही उलटाच आठवतो. आधी सगळे सुखी होतात, मग त्यांची ओळख होते.

काका म्हणायचे, पिक्चर नावांतच असतो, पुढचे तीन तास नुसता पुरावा. लाल, तिरकी, ओघळणारी अक्षरं आली की हिरोच्या बापाचं काही खरं नाही. नावांमागे व्यंगचित्रं असली की निवांत बसा, कुणी मरत नाही, फार तर कुणाचं धोतर सुटेल. नावांमागे रिकामं घर आणि हलता झोपाळा दिसला की त्या घरात भूत तरी आहे नाहीतर सासू तरी. बालकलाकारांत दोन मुलगे असले की ते जत्रेत हरवणार. आणि 'पाहुणे कलाकार' म्हणून कुणाचं नाव आलं की काका आमच्या कानाशी येऊन हळूच सांगायचे, "याला जीव लावू नका, मध्यंतराच्या आत जाणार." भाऊ तेव्हापासून घरी आलेल्या पाहुण्यांकडे काळजीनं बघायचा.

हिरोचं तोंड नावांत दाखवायचं नाही हाही त्यांचा सिद्धान्त होता. बूट दाखवा, हात दाखवा, पाठ दाखवा. "तोंड नावांतच खर्चलं तर एन्ट्रीला काय दाखवणार?" आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं नाव. बाकीचे घोळक्यानं येतात, दोनदोन, चारचार. मग पडदा मोकळा होतो, 'आणि' असं येतं, मग एकटं एक नाव. "हा सगळ्यात मोठा," काका म्हणायचे. "ह्याला कुणाच्या मागंपुढं उभं राहायची गरज नाय. अख्खा पडदा त्याचा." शेवटचं नाव पडद्यावर असेपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

नावांनी कबूल केलेलं पिक्चरनं दिलं नाही, तर बाहेर पडताना ते एकच शब्द म्हणायचे. "फसवलं."

अण्णांना काकांचं हे वेड पसंत नव्हतं. रागवायचेही. पण कधी घरचे सगळेच खेळाला निघालो की दाराला कुलूप लावायचं काम अण्णांचं. कुलूप लावून ते तीनदा ओढून बघणार, दोन पावलं जाऊन परत येणार, पुन्हा ओढणार. काका फाटकात उभे राहून ओरडायचे, "दादा, नावं जातील!" अण्णांचं ओढणं तेवढ्यापुरतंच लवकर संपायचं.

म्हणून मी बैठकीत म्हटलं, की आगीची अक्षरं टाकली तर लोक दीड तास वाट बघत बसतील, हा माणूस आता कुणाला तरी उचलून आपटणार म्हणून. आणि मिळेल काय, तर शाल, श्रीफळ आणि साखर कमी घातलेला केक. नावांमागे अण्णा जसे आहेत तसे दाखवा. गॅसचं बटण बंद करून पुन्हा तपासणारे. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर पूर्वीच्या घडीवर घडी घालणारे. कुलूप ओढणारे.

"ताई, यात हिरो कुठंय?" व्हिडिओवाल्यांनी विचारलं.

"कुलूप ओढतोय."

ते जरा नाराज झाले, पण जीप पुन्हा काढावी लागणार नाही म्हणून कबूल झाले. मग नावांचा क्रम निघाला आणि खोलीतली हवा बदलली. भाऊ म्हणाला, वयाप्रमाणे लावू. आई म्हणाली, "माझं कशाला? मी काय, रोज घरातच आहे." तिचं नाव दुसरं घेतलं. व्याही, आत्या, पैठणची मावशी, नातवंडं, सगळी चारचारच्या घोळक्यांत बसली. राहिले काका.

अण्णा उठले आणि नळ नीट बंद आहे का बघायला आत गेले.

"शेवटी," मी म्हटलं. "एकटे. काळ्या पडद्यावर. आधी 'आणि', मग नाव."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का?" भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "शेवटी टाकलं म्हणून तर एवढं सगळं झालं. आता परत शेवटी? आणि या वेळी पडद्यावर? पत्रिका निदान रद्दीत तरी गेली."

"वयाप्रमाणे लावलं तर ते मधेच कुठेतरी येतात. ते, आत्या आणि व्याही एका घोळक्यात. मग वास्तुशांतीची पत्रिका दुरुस्त करून पाठवल्यासारखं होईल. काका म्हणतील, चूक सुधारली, ठीक आहे. आणि घरी बसतील."

"आणि शेवटी टाकल्यावर काय करतील?"

मी वहीत काकांच्या नावापुढे 'शेवटी' लिहिलं. 

अण्णा बाहेर आले. नळ बंदच होता. "काय ठरलं?"

"काकांचं नाव शेवटी," मी म्हटलं.

अण्णांनी खुर्चीवर बसून पंच्याच्या टोकाला हात पुसले. बराच वेळ पुसले. "मीही शेवटीच टाकलं होतं," म्हणाले. मग पंचा खांद्यावर टाकून, "या वेळी मला विचारू नका."

पुढच्या आठवड्यात व्हिडिओवाल्यांच्या गाडीतून मी कन्नडला गेले. सगळ्यांचे शॉट झाले होते, काकांचा बाकी होता. बाजाराचा दिवस होता, गावात शिरायलाच उशीर झाला. काकू दारातच भेटल्या. मला आत घेताना हळूच म्हणाल्या, "सकाळधरनं दाढी करून बसलेत, आन् म्हणतेत मला शेतात जायचंय. आता तूच बघ बाई."

काका ओसरीवर होते. इस्त्रीचा सदरा, पायांत नवी चप्पल. "कशाला आलीस एवढ्या उन्हात?" म्हणाले. "मला कशात घ्यायचं असंल तर घेऊ नका. मी निघालोच होतो शेताकडं."

"घेत नाही. नावं तेवढी बघा. झालीत का बरोबर, सांगा. मग जा."

नावं म्हटल्यावर ते बसले. व्हिडिओवाल्यांनी लॅपटॉप तिपाईवर ठेवला. काकांनी खुर्ची हातभर मागे सरकवली. "पुढच्या रांगेतनं नावं दिसत नसतेत," त्यांनी व्हिडिओवाल्यांना सुनावलं. काकू चहा घेऊन आल्या आणि साखरेचं विचारू लागल्या, तर त्यांनी न बघताच हात वर केला. काकू कपबशा धरून तशाच उभ्या राहिल्या.

नावं सुरू झाली. गॅसचं बटण. वर्तमानपत्राची घडी. मागे व्हिडिओवाल्यांनी हौसेनं बासरी टाकली होती. आम्हाला घरी ती ऐकून भरून आलं होतं. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"थांबव," काका म्हणाले. "बासरी काढ."

"काका, इमोशनल आहे ना," व्हिडिओवाले म्हणाले.

"लई इमोशनल हाय. बासरी आन् म्हातारा एकत्र आले की म्हातारा मेलेला असतो. हॉलमधी लोक हार घेऊन येतील."

व्हिडिओवाल्यांनी लॅपटॉपकडे नव्या नजरेनं बघितलं. खटकत होतं ते हेच होतं.

"मग काय टाकू?"

"काय नको. कुलपाचा आवाज हाय का तुझ्याकडं? तोच येऊ दे." मग माझ्याकडे न बघता, "अजून तसंच ओढतेत का?"

"तसंच. आता परत येऊन पायरीवर उभं राहून विचारतात, ओढलं का म्हणून."

काका हसले नाहीत. पण हसू येतं तिथली मिशी जरा हलली. "पुढं लाव."

घोळके गेले. व्याही, आत्या, मावशी. काका प्रत्येक पाटीला मान हलवत होते, हजेरी घेतल्यासारखी. नातवंडं गेली. पडदा काळा झाला. 'आणि' आलं. मग काकांचं नाव, एकटं. मागे काहीच नव्हतं, शॉट बाकी होता म्हणून.

नावं संपली तरी काका बघत राहिले. काकूंनी कपबशा खाली ठेवल्या.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावली. या वेळी ते शेवटच्या नावाला खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते.

"हे त्यांनी सांगितलं?"

"कुणी?"

"तुला माहितीय कुणी."

"अण्णा म्हणाले, या वेळी मला विचारू नका."

आता मात्र काका मोठ्यानं हसले. "म्हणजे त्यांनीच सांगितलं," काकूंकडे वळून म्हणाले. "त्या माणसानं उभ्या आयुष्यात मला विचारू नका असं कधी म्हटलंय का?" मग गंभीर झाले. "पण पिक्चरचं येगळं असतंय. पत्रिकेत शेवटी म्हंजे शेवटी."

"त्यांनी घरचा माणूस म्हणून शेवटी टाकलं होतं."

"मग तसं बोलायचं ना! लिहिता येतंय एवढं, बोलायला काय झालं?"

 हा प्रश्न आमच्या घराण्यातल्या कुठल्याही दोन पुरुषांबद्दल विचारता येतो. व्हिडिओवाल्यांनी संधी साधून कॅमेरा काढला. "काका, एक शॉट. समोरून. बस् दो मिनिट."

"समोरनं नाय."

"मग?"

"मागनं घे. बांधावरनं चालत जातो. नावांत तोंड दाखवायचं नसतंय, इतके दिवस लग्नं काढतोस, तुला कुणी सांगितलं नाय?"

घरामागेच त्यांचा गहू होता, ओंब्या भरलेला, नुकता पिवळा पडू लागलेला. काका बांधावरून पाठमोरे चालत गेले, ताठ, हात मागे बांधून. व्हिडिओवाले ओरडले, "काका, एक बार मुडके देखो ना!" काकांनी वळून बघितलं नाही. उलट चाल जरा आणखी सावकाश केली. त्यांना कॅमेरा कुठे आहे हे पक्कं माहीत होतं.

निघताना मी विचारलं, "मग एन्ट्री कुठे? हॉलवर?"

"बघू."

आमच्या शहरात 'बघू' म्हणजे नाही. कन्नडला 'बघू' म्हणजे बघू. परतीच्या वाटेवर मी एवढ्याच आधारावर जेवणाच्या पानांत दोन वाढवली.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं यादीप्रमाणे झालं. हॉल, हार, आचारी, माइक. पुढच्या रांगेत अण्णांच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. तिच्यावर एकेक जण बसायला येत होता. भावाचे सासरे, म्हणजे अण्णांचे व्याही, तर पंचा झटकून बसण्याच्या बेतातच होते. अण्णांनी झटकन उजवा पाय उचलून खुर्चीवर ठेवला.

"पाय दुखतो का?" व्याह्यांनी काळजीनं विचारलं.

"फार," अण्णा म्हणाले.

ज्या माणसानं उभ्या हयातीत ऑफिसच्या टेबलावर कोपर ठेवलं नाही, तो शंभर लोकांत खुर्चीवर पाय टाकून बसला होता. आई पलीकडून बघत होती. तिनं त्यांच्या पायावर पदराचं टोक टाकून मोजा झाकला. मोज्याला भोक होतं.

सत्कार झाले. भाषणं झाली. फिल्मची वेळ झाली आणि मी ती पुढे ढकलली. माइकचं कारण सांगितलं. मग पडद्याचं. लोक जेवणाच्या वासाकडे बघू लागले. भाऊ जवळ येऊन म्हणाला, "ताई, आता पुरे. कन्नडची गाडी यायची असती तर आली असती." व्हिडिओवाले म्हणाले, "ताई, लोग उठ जायेंगे." अण्णा समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत होते. मी दर दोन मिनिटांनी वळून दाराकडे बघत होते. अखेर मी हात केला आणि दिवे गेले.

कुलपाचा आवाज आला. खळ्ळ. खळ्ळ. खळ्ळ. मग पावलं. मग पावलं परत. पुन्हा खळ्ळ. सगळा हॉल हसला, कारण प्रत्येकाला कधी ना कधी अण्णांनी दारात तिष्ठत ठेवलं होतं. घोळके येऊन गेले, ज्याचं त्याचं नाव आलं की तिकडून टाळी आली. मग पिवळा गहू आणि पाठमोरा माणूस. मग काळा पडदा. 'आणि'. मग ते नाव. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली.

नाव गेलं, अण्णांचं बालपण सुरू झालं, आणि माझ्या लक्षात आलं की दाराची फट उघडी आहे आणि तिथे कुणीतरी उभं आहे. मी अंधारात चाचपडत गेले. काका होते. मागे काकू, हातात पिशवी.

"काका! कधी आलात? आत का नाही आलात?"

"नावं लागली तवाच आलो. नावं चालू असताना लोकांच्या अंगावरनं जायचं असतंय का?"

मी त्यांना पुढे आणलं. अण्णांनी मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच ते आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, बस. पिक्चर सुरू झाला."

"भाऊजी, बसा म्हणतात," आई म्हणाली.

काका खुर्चीपुढे उभे राहिले. खुर्चीवर अण्णांचा पाय होता.

"वहिनी, त्यांना म्हणावं, पाय काढा."

आईनं निरोप पोचवायच्या आतच पाय खाली गेला. काका बसले. मागचे लोक "डोकं, डोकं!" असं ओरडत होते म्हणून मीही खाली बसले, जमिनीवर, दोघांच्या मध्ये. त्यानंतर पिक्चरभर ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त आत्याच्या लग्नातला अण्णांचा फोटो आला तेव्हा काका आईला म्हणाले, "वहिनी, त्यांना विचारा, तो कोट माझा हाय का नाय." आणि अण्णा आईला म्हणाले, "त्याला सांग, धुऊन परत दिला होता."

जेवणंही अशीच झाली, शेजारी शेजारी आणि आईच्या मार्फत. ती बिचारी अर्धपोटी उठली.

हात धुताना काका मला म्हणाले, "फिल्म बरी झाली." आणि टॉवेलला हात पुसत, "पण फसवलं."

"कसं?"

"नावांत माणूस पाठमोरा दाखवला. शेवटी दाखवला, अख्खा पडदा देऊन दाखवला. आन् पुढं पिक्चरभर तो कुठंच नाय. मी तर बघत व्हतो, आता येईल, मग येईल."

त्यांचं बरोबर होतं. एन्ट्री झाली होती, पण तेव्हा व्हिडिओवाले प्रोजेक्टरशी झटत होते आणि कॅमेरा पेटीत होता. खुर्चीवरचा पाय, तो खाली जाणं, काकांचं बसणं, यातलं काहीही कुठे उतरलेलं नाही.

मी म्हटलं, "मग आता घेऊ. इथंच उभे राहा, अण्णांना बोलावते."

"इथं? ताटांच्या ढिगापुढं?" काकांनी माझ्याकडे बघितलं, लहानपणी शेंग फोडल्यावर बघायचे तसं. "गव्हातनं गेलेला माणूस गव्हातनंच यायला पाहिजे. तिकडं या. अन् एकट्याचा नको. एकट्याचा मागनं झालाय." आणि शेवटच्या एसटीसाठी निघाले. जाताना अण्णांच्या पाया पडले, न बोलता. अण्णांनीही आशीर्वाद न बोलताच दिला, पण हात डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.

मी हे अण्णांना त्याच रात्री सांगितलं. त्यांनी मोबाइल काढला, कन्नडचं हवामान बघितलं आणि म्हणाले, "या आठवड्यात ऊन फार आहे." पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला, की गहू काढला. तेव्हा अण्णा म्हणाले, "बघ. आता गहूच नाही. आता गेलो तर मागचं पुढचं जुळणार नाही." पिक्चरमधलं एवढं त्यांना कळतं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं काकांवर रागावताना ते ऐकत होते असं दिसतं.

व्हिडिओवाले अधूनमधून फोन करतात. "ताई, फायनल करून देऊ का? बाकीचे सगळे विचारतायत." मी त्यांना थांबायला सांगितलं आहे. यंदा गहू पेरल्यावर काका कळवणार आहेत, तसं त्यांनी काकूंमार्फत आईला आणि आईमार्फत मला कळवलं आहे.

राहिलेलं काम : अण्णांना कन्नडला नेणं. बांधावर दोघांना समोरून घेणं.